पाहुण्या पाखरांची छायाचित्रे
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत मुलांचा गौरव नुकताच झाला. त्यानंतर आमच्यासारख्या, फावल्या वेळी कॅमेरा गळ्यात अडकवून तळ्याकाठी हिंडणाऱ्या माणसाने काय सांगावे, असा प्रश्न आपणांस पडला असेल. चिटणिसांची आज्ञा झाली म्हणून आम्ही उभे आहो. विद्वत्तेचा आमचा दावा नाही. आमच्या हातून घडलेली एक चूक व तिच्यापासून मिळालेला धडा, एवढीच आमची शिदोरी आहे.

कोकणातील आप्त कौतुकाने सांगतात की, हिवाळ्यात त्यांच्या किनाऱ्यावर कुरवांचे थवे उतरतात. आपल्या चांदा-गडचिरोलीच्या मुलखाला समुद्र नाही. पण तळी आहेत. गोंड राजवटीत व त्यानंतर पूर्वजांनी, विशेषतः कोहळी बांधवांनी, धानासाठी ती खोदली. पार, सलांग आणि तुडुम यांची ती जुनी विद्या आजही पाहणाऱ्यास थक्क करते. तळी बांधली ती शेतासाठी. परंतु त्यांचा लाभ हिमालयापलीकडच्या पाखरांनाही झाला. धानाची कापणी उरकते, धुके पडू लागते आणि तलवार बदक, थापट्या, लालसरी ही मंडळी पाण्यावर दिसू लागतात. वैनगंगेच्या वाळूवर चक्रवाकाची जोडी उतरते. त्यांत पट्टकादंबाचा मान मोठा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा दोन-तीन किलोंचा हंस तिबेट, मंगोलिया, लडाख येथील सरोवरांवर घरटी करतो व हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. ७,००० मीटरांहून अधिक उंचीवरून उडताना त्याची नोंद झालेली आहे.

काही वर्षांपूर्वी सिंदेवाहीकडील एका तळ्यावर असा चाळीसेक हंसांचा थवा उतरल्याचे कळले. नवे लांब पल्ल्याचे भिंग घेतलेले, उत्साह दांडगा! आम्ही एका वृद्ध ढिवर बाबांची डोंगी घेतली आणि थेट थव्याच्या रोखाने निघालो. थवा उठला. उडत्या हंसांची छायाचित्रे मिळाल्याने आम्ही हरखून गेलो. दुसऱ्या दिवशी तेच केले. तिसऱ्या दिवशी तळे रिकामे होते. आम्ही हळहळलो, तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "भाऊ, तळं त्याचं घर नोहे, मुक्काम हाय. मुक्कामाच्या पावण्याले कोनी उठवते का?"

त्या एका प्रश्नाने आम्ही खजील झालो. हा हंस बहुधा रात्री शेतात चरतो व दिवसा पाण्याकाठी विसावा घेतो, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. म्हणजे ज्या घटकांत त्याने दम घ्यावा, त्याच आम्ही हिरावल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदुकी खाली ठेवावयास लावल्या; पण शिकाऱ्याची हाव कॅमेऱ्याच्या आडूनही जिवंत राहू शकते, हे त्या दिवशी उमगले. घरी आणलेली ती छायाचित्रे आम्ही आजवर कोणास अभिमानाने दाखविली नाहीत.

तेव्हापासून आम्ही रीत बदलली. उजाडण्यापूर्वी पाराच्या आडोशाला जाऊन बसावयाचे. सूर्य पाठीशी ठेवावयाचा. पक्ष्याकडे जावयाचे नाही. त्याला आपल्याकडे येऊ द्यावयाचे. चरणे थांबले, माना ताठ झाल्या, की समजावे आपण फार जवळ आलो, आणि हळूच मागे सरावे. काळसर पाण्यावर बगळा असेल तर कॅमेऱ्यातला उजेड थोडा कमी करावा, नाहीतर पिसे चुन्याच्या फक्कीसारखी सपाट उमटतात. चकाकत्या पाण्यावर पाणकावळा असेल तर वाढवावा. आवाजाच्या फिती लावून पक्ष्यास बोलावू नये आणि घरट्याच्या वाटेस जाऊ नये. चार सकाळी हात हलवीत परतावे लागते. पाचवी सकाळ मात्र सारे फेडते.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? यास रानपिंगळ्याची हकीकत हे उत्तर आहे. या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ साली झाले. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणास मिळाला नाही. एका इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली आपण तो मिळविल्याचे सांगितले; पण तो नमुना चोरलेला व त्यावरची चिठ्ठी खोटी होती. त्या खोट्या चिठ्ठीने शोधकांची वाट चुकविली. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ अमेरिकन पक्षितज्ज्ञांना तो जिवंत दिसला. त्यांनी बंदूक चालविली नाही; छायाचित्रे व चित्रफीत घेतली, आणि जगाची खात्री पटली. स्थळ आणि दिनांक खरे असलेले छायाचित्र म्हणजे साक्षच होय.

आपल्या तळ्यांनाही अशा साक्षीची गरज आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तळी सरकारकडे गेली आणि अनेकांची निगा सुटली. कित्येकांत गाळ साचला, काठावर बेशरम माजली. कोणत्या तळ्यावर कोणत्या साली कोणते पक्षी उतरत होते, हे चित्रांसह नोंदलेले असेल, तर काय गमावले हे दाखविता येईल आणि गाळ काढण्याची मागणीही पुराव्यानिशी करता येईल.

यासाठी महागडे भिंग लागत नाही. परसदारी शेपटी थरथरविणारा थिरथिरा आणि अंगणात तुरुतुरु धावणारा धोबी हेही हिवाळ्याचे पाहुणेच. खिडकीत बसून मोबाइलने घेतलेले त्यांचे चित्र नोंदीस पुरेसे आहे. मारुती चितमपल्ली व डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह आपल्या राज्यात साजरा होतो. त्या सप्ताहात प्रत्येक कुटुंबातील मुलांनी आपल्या गावच्या तळ्याचे वा अंगणाचे एक तरी चित्र घ्यावे, खाली गाव व दिनांक लिहावा आणि मंडळाकडे धाडावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांस चार पाने द्यावीत, अशी अध्यक्षमहाराजांस आमची नम्र विनंती आहे.

दारी आलेल्या पाहुण्यास पाणी द्यावे, बसावयास पाट द्यावा, हे आपणांस घरात शिकविले गेले. पाण्यावर उतरलेल्या पाहुण्यास केवळ बसू द्यावे, एवढेच पुरे.