शाळेचा संगणक : नवी प्रणाली घ्यावी की जुनीच ठेवावी?

(केंद्रसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मजकडे सोपविलेला विषय दिसण्यात यंत्राचा असला, तरी वस्तुतः तो शाळेच्या कारभाराचा आहे. संगणक सुरू करताच पडद्यावर सूचना येते की, आपली विंडोज १० ही प्रणाली आता जुनी झाली असून तिच्या रक्षणाची व्यवस्था संपली आहे. ही सूचना वाचून काही मुख्याध्यापक दचकतात आणि नव्या संगणकाची मागणी लिहावयास घेतात. काही जण ती मुकाट्याने मिटवून पटसंख्येच्या कामास लागतात. या दोहोंपैकी एकही निर्णय विचारांती घेतलेला नसतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा मुख्य कारभारी होय. कळफलकावर बोट पडले, छपाईयंत्राकडे कागद मागितला, पेनड्राइव्ह जोडला, की कोणास काय द्यावयाचे व कोणास अडवावयाचे, हे तोच ठरवितो. अशा कारभारात कालांतराने उणिवा सापडतात आणि दुष्ट हेतूची माणसे त्या उणिवांतून आत शिरतात. म्हणून निर्माती कंपनी वेळोवेळी दुरुस्त्या पाठविते. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिच्या नित्याच्या विनामूल्य दुरुस्त्या थांबल्या. त्या दिवशी यंत्र बंद पडले नाही, त्यातील धडे पुसले गेले नाहीत, दाखलेही पूर्ववत छापले जातात. थांबली ती केवळ डागडुजी. पूर्वी विंडोज एक्सपीच्या बाबतीत ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ च्या बाबतीत १४ जानेवारी २०२० रोजी हेच घडले होते.

डागडुजी थांबल्याने काय होते, याचे उत्तर मे २०१७ मध्ये जगास मिळाले. ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी प्रोग्राम त्या महिन्याच्या १२ तारखेस पसरू लागला. तो संगणकातील फायली कुलूपबंद करी आणि त्या सोडविण्यासाठी खंडणी मागे. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. मात्र या प्रसंगातील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते, आणि विंडोज ७ ला तेव्हा दुरुस्त्या मिळत होत्या. नेमक्या त्या उणिवेवरील दुरुस्ती मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, उपलब्ध झाली होती. ती बसविली गेली नव्हती. तेव्हा केवळ नवी प्रणाली घेतल्याने रक्षण होते, हा समज सोडून द्यावा. नवी प्रणाली घेऊन तिच्या दुरुस्त्या ‘मागाहून पाहू’ म्हणून पुढे ढकलणारा मनुष्य जुन्या प्रणालीवाल्याच्याच पंक्तीस बसलेला असतो.

आता प्रश्न असा की, आपल्या शाळेचे काय? येथे ‘शाळेचा संगणक’ असा एकवचनी विचार करून चालणार नाही. वर्गात भिंतीवर धडे दाखविणारा, कवितांच्या ध्वनिफिती ऐकविणारा, इंटरनेटला कधीही न जोडला जाणारा संगणक जुन्या प्रणालीवर सुखेनैव राहू द्यावा. त्याच्यासाठी एक पैसाही खर्च करू नये. (त्यात कोणाचाही पेनड्राइव्ह मात्र घालू देऊ नये. २००८ साली पसरलेला ‘कॉन्फिकर’ हा किडा पुढे पेनड्राइव्हवरूनही हिंडला होता.) कार्यालयातील संगणकाची गोष्ट निराळी. त्यावर आपण यू-डायसची माहिती भरता, शालार्थ उघडता, मुलांचे आधार क्रमांक आणि शिष्यवृत्तीसाठी त्यांची बँक खाती नोंदविता. ज्या पालकाने विश्वासाने आपले पासबुक आपल्या हाती दिले, त्याला प्रणालीचे नावही ठाऊक नाही. त्याच्या वतीने सावध राहणे हे आपले काम आहे. या यंत्रावर दुरुस्त्या न मिळणारी प्रणाली चालू ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे पहिली अडचण येते. विंडोज ११ हवी तर संगणकात निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय असावी लागते. प्रोसेसरही कंपनीच्या यादीतील हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी स्थूलमानाने २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यापूर्वीचे यंत्र कितीही चांगले चालत असले तरी ते अपात्र ठरते. ‘पीसी हेल्थ चेक’ हे कंपनीचे विनामूल्य साधन आपला संगणक पात्र आहे की नाही ते सांगते. अपात्र यंत्रावरही नवी प्रणाली युक्तीने बसवून देणारे दुकानदार भेटतील. त्यांच्या नादी लागू नये. अशा यंत्रांना पुढील दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही, आणि दुरुस्त्यांसाठीच तर हा सारा खटाटोप.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. ४ जीबी ही केवळ प्रवेशाची अट आहे. तेवढ्यावर काम रडतखडतच होते. यंत्र पात्र असूनही मंद असेल तर रॅम ८ जीबी करावी आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. नव्या संगणकाच्या मानाने हा खर्च पुष्कळच कमी, आणि गुण तात्काळ.

अपात्र यंत्रांसाठी दोन वाटा आहेत. विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या मूल्य देऊन आणखी तीन वर्षे घेण्याची सोय संस्थांसाठी ठेवण्यात आली. शैक्षणिक संस्थांस दर संगणकामागे पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार असा दर जाहीर झाला होता. हे परवाने सुटे मिळत नाहीत, संस्थेच्या कराराने घ्यावे लागतात. म्हणून एकेकट्या शाळेने धडपडण्यापेक्षा केंद्राने यादी करून वरिष्ठांकडे मागणी करणे बरे. दुसरी वाट लिनक्सची. केरळातील सरकारी शाळांनी ती कित्येक वर्षांपूर्वीच धरली. तेथील ‘काइट’ या संस्थेने उबुंटूवर आधारलेली प्रणाली शाळांसाठी सिद्ध केली आहे. उबुंटूची २०२४ ची दीर्घमुदतीची आवृत्ती २०२९ पर्यंत विनामूल्य दुरुस्त्या घेते, आणि ब्राउझरमधून चालणारी आपली सरकारी कामे सहसा तिच्यावर होऊ शकतात. इन्स्क्रिप्टने मराठी टंकलेखनही होते.

मराठी लिहिण्याचा विषय निघालाच आहे, तर तो जरा विस्ताराने सांगतो, कारण प्रणाली बदलताना आपल्याकडे खरा घोटाळा येथेच होतो. कित्येक शाळांतील जुने निकालपत्रक, दाखल्यांचे नमुने आणि स्नेहसंमेलनाचे अहवाल युनिकोडपूर्व फाँटांत लिहिलेले आहेत. त्या फायलींत वस्तुतः मराठी अक्षरे नसतात. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असतात. प्रणाली नवी झाली आणि तो फाँट तिच्यात नसला, की ‘शाळा सोडल्याचा दाखला’ उघडताच पडद्यावर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग उभी राहते. फाईल बिघडलेली नसते, फाँट हरवलेला असतो. यास्तव बदलापूर्वी संगणकातील फाँट स्वतंत्रपणे उतरवून ठेवावेत आणि महत्त्वाचे कागद युनिकोडमध्ये रूपांतरित करून पडताळून घ्यावेत. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार चुकतात. मुलाचे नाव एकदा चुकले की ते दहावीपर्यंत चुकत जाते. ज्या जुन्या टंकलेखन-प्रोग्रामवर आपला हात बसला आहे, तो नव्या प्रणालीवर चालतो काय, हेही आधी विचारावे. छपाईयंत्राविषयीही तसेच.

प्रत्यक्ष बदल निकालाच्या आठवड्यात करू नये, दिवाळीच्या सुट्टीत करावा. सर्व फायलींच्या दोन प्रती काढाव्यात, एक शाळेत व एक अन्यत्र ठेवावी, आणि प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे. मजकूर कित्येक जीबींचा असल्याने मोबाइलच्या जोडणीवर न उतरविता केंद्रावर निदान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्यावा. वीज जाण्याचा भरवसा आपल्याकडे पूर्ण आहे, तेव्हा यूपीएसवाचून हात घालू नये. विंडोज १० वरून ११ वर गेल्यानंतर मन न रमल्यास दहा दिवसांत परत फिरता येते. म्हणून छपाई, दाखले, संकेतस्थळे या सर्वांची परीक्षा त्या दहा दिवसांतच उरकावी.

राहता राहिले ते निर्लेखित करावयाचे संगणक. लिलावात भंगारवाल्याकडे यंत्र जाते आणि हार्ड डिस्कही त्याबरोबर जाते. मुलांची सारी माहिती तीत तशीच असते. फायली ‘डिलीट’ केल्याने ती नष्ट होत नाही. ज्यांच्या शाळेत असे यंत्र कपाटाआड पडून असेल, त्यांनी जडवस्तुसंग्रह नोंदवहीतील त्याचा क्रमांक आज जाण्यापूर्वी मजकडे द्यावा. डिस्क काढून घेण्याचे काम पुढील संमेलनाच्या दिवशी आपण याच खोलीत एकत्र करू.