'ग्लेन' म्हणजे नुसती दरी नव्हे

वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्या ज्या श्रोत्यांनीं वाचल्या असतील, त्यांना 'ग्लेन' हा शब्द परिचयाचा असेल. कोशांत त्यापुढें 'अरुंद दरी' एवढाच अर्थ बहुधा आढळतो. तो चूक नाहीं. पण अपुरा आहे.

हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील गेलिक भाषेंतून तो इंग्रजींत आला. दोहों बाजूंस उभे डोंगर, मधून वाहणारी नदी आणि तिच्या कांठची चिंचोळी जमीन, तें ग्लेन. हाच प्रदेश रुंद व सपाट असला, तर त्यास 'स्ट्रॅथ' म्हणतात. ग्लेनला पुष्कळदां नदीचेंच नांव मिळतें: को नदीचें ग्लेनको, नेव्हिस नदीचें ग्लेन नेव्हिस.

१५७९ सालीं एडमंड स्पेन्सरच्या 'शेपर्ड्‌स कॅलेंडर' या काव्यांत हा शब्द आला, तेव्हां ई. के. या आद्याक्षरांनीं टीपा लिहिणाऱ्या टीकाकारानें त्याचा अर्थ 'खेडें' असा दिला. कोशकारांच्या दृष्टीनें ही चूकच. परंतु ग्लेनमध्यें माणसें नांदतात, हें सत्य तींत नकळत उतरलें.

त्या नांदण्यावर पुढें घाला आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदारांना कुळांच्या खंडापेक्षां मेंढ्यांचीं मोठीं कुरणें किफायतशीर वाटूं लागलीं, आणि अनेक ग्लेनें ओस पडलीं. १८४५ च्या मे महिन्यांत ग्लेनकॅल्व्ही येथील कुळांना घरांतून काढण्यांत आलें. त्यांनीं जवळच्या क्रॉइक येथील प्रार्थनामंदिराच्या आवारांत आसरा घेतला. तेथील खिडकीच्या कांचांवर त्यांच्या विपत्तीची हकीकत कोरलेली आहे. हीं माणसें गेलिक बोलणारीं. कोरलेले शब्द मात्र इंग्रजी आहेत. ते आजहि वाचतां येतात. नकाशावर ग्लेनकॅल्व्ही हें नांवहि कायम आहे.

मराठी भाषांतरकारास 'दरी' हा प्रतिशब्द प्रथम सुचतो. पण दरींत माणूस कड्यावरून वाकून पाहतो. तेथें तो संसार मांडीत नाहीं. त्याहून 'खोरें' जवळचें. मुठे खोरें, मोसे खोरें, गुंजण मावळ या नांवांत नदी आहे, डोंगर आहे, आणि देशमुख, कुळें व ग्रामदैवतें यांसह वसलेला मुलूखहि आहे.

'दरी ओस पडली' असें लिहिलें, तर वाचक पुढें जातो. कारण दरी ओसच असावयाची. 'खोरें ओस पडलें' असें लिहिलें, तर तो थांबतो आणि विचारतो, तेथील माणसें कोठें गेलीं?