राहून गेलेली सहल

सिनेमात म्हातारी बाई प्रवासाला निघते ती कशाला? एक तर तीर्थयात्रेला, नाही तर लेकीच्या बाळंतपणाला. बरोबर मुलगा किंवा पुतण्या असायचाच. मैत्रिणींबरोबर नुसती मजा करायला निघालेली सत्तरीची बाई पडद्यावर क्वचितच भेटे. मराठीत २०२१ च्या 'झिम्मा'ने ही कसर बरीच भरून काढली. आज ज्या अमेरिकी सिनेमाबद्दल बोलायचे आहे, त्यात अशा एक सोडून चौघी आहेत.

सिनेमाचे नाव 'बुक क्लब: द नेक्स्ट चॅप्टर'. दिग्दर्शक बिल होल्डरमन. २०१८ साली याचा पहिला भाग आला होता, हा दुसरा २०२३ चा. जेन फोंडा, डायन कीटन, कँडिस बर्गन आणि मेरी स्टीनबर्गन या त्या चौघी. सिनेमा आला तेव्हा फोंडा ८५ वर्षांच्या होत्या आणि स्टीनबर्गन, सगळ्यांत धाकट्या, सत्तरीच्या!

पुस्तके वाचायच्या निमित्ताने या मैत्रिणी वर्षानुवर्षे भेटत आलेल्या. कोरोनाच्या काळात संगणकाच्या पडद्यावर एकमेकींची तोंडे पाहून दिवस काढलेले. घराची दारे उघडल्यावर कळते, की जन्मभर लग्नाला नाही म्हणणारी व्हिव्हियन आता लग्न करते आहे. मग काय, नवरीला घेऊन चौघी निघतात इटलीला. तरुणपणी राहून गेलेली सहल आता करायची.

सहल ठरल्यासारखी होईल तर तो विनोदी सिनेमा कसला! रोममध्ये सामान चोरीला जाते. पुढे आडरस्त्यावर गाडीचा टायर बसतो. एकच पोलीस अधिकारी पुन्हा पुन्हा वाट्याला येतो आणि एक रात्र चौघींना कोठडीतही काढावी लागते. आपण हसतो. पण तिशीतल्या माणसाचे सामान गेले असते तर त्याने आभाळ डोक्यावर घेतले असते. या बायका का नाही घेत?

मला वाटते, सिनेमाचे मर्म इथे आहे. डायनचा नवरा गेलेला. त्याची रक्षा ती बरोबर घेऊन फिरते आहे. कॅरलचे रेस्टॉरंट महामारीत बंद पडलेले, वर नवऱ्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. शॅरन न्यायाधीशाच्या खुर्चीवरून निवृत्त झालेली. ज्यांनी एवढे सोडून दिले, त्यांचे एका बॅगेवाचून काय अडणार? त्यांच्या हसण्यात थिल्लरपणा नाही. त्या हसण्यामागे पुष्कळ हिशेब चुकते झालेले आहेत.

सिनेमात उणिवा आहेत. या बायकांना पैशाची चिंता कधीच नाही. इटली दिसते ती पर्यटनाच्या कॅलेंडरातली. द्व्यर्थी विनोद इतक्यांदा येतात की पुढचा आपणच आधी सांगावा. पण चौघी एका टेबलाभोवती बसल्या, एकीने दुसरीचे वाक्य तोडले, की हे सारे विसरायला होते.

पैशाशिवाय अशी सहल होत नाही, असे मात्र समजू नका. २०१८ साली आपल्याकडे हजच्या नियमात एक बदल झाला. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांना, चौघी किंवा अधिक जणी मिळून, मेहरम म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक बरोबर नसताना जायची मुभा मिळाली. तिथेही चौघीच, पाहा! आमच्या मोहल्ल्यातल्या अशा चौघी जाऊन आल्या. भेटायला येणाऱ्यांना त्या इबादतीच्या गोष्टी सांगत. एकट्या बसल्या की मात्र विषय निघायचा तो हरवलेल्या चपलांचा आणि चुकीच्या बसमध्ये चढल्याचा. हसता हसता डोळे पुसायच्या. घरातल्या पुरुषांना कळेना, यात एवढे हसण्यासारखे काय. मला वाटते, आपला रस्ता आपण चुकलो आणि आपणच शोधला, याचे ते हसू होते. जन्मभर दुसऱ्याचे बोट धरून चाललेल्या बाईला ही कमाई लहान नसते.

व्हिव्हियनचे लग्न होते का, ते सांगत नाही. ते पडद्यावरच पाहा. एक गोष्ट मात्र सांगतो. डायन कीटन ऑक्टोबर २०२५ मध्ये वारल्या, ७९ व्या वर्षी. आता या चौघी पुन्हा अशा एकत्र निघायच्या नाहीत. त्या टेबलाभोवतीचा हशा आता ऐकला की मधेच थबकायला होते.

मुलांच्या परीक्षा झाल्या की जाऊ, सुनेचे बाळंतपण आटोपले की जाऊ, गुडघ्याचे ऑपरेशन झाले की जाऊ, असे आपल्या घरोघरी चाललेले असते. गुडघे एक वेळ बदलून मिळतात. आपल्याला विशीत पाहिलेली मैत्रीण दुसरी मिळत नाही. तेव्हा तुमच्या घरातली आई, मावशी, खाला कुणा मैत्रिणीला घेऊन चार दिवस कुठे जाते म्हणाली, तर 'कशाला?' म्हणून विचारू नका. 'कधी निघतेस?' एवढेच विचारा.