कानाचे धर्मांतर

(जुन्नर येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे दिलेले व्याख्यान)



नवदीक्षित कुटुंबांपुढे उभे राहावयाचे म्हणजे काय काय सोडावयाचे याची यादी वाचावयाची, असा आपल्यात प्रघात पडला आहे. मी आज अशा एका गोष्टीविषयी बोलणार आहे की, जी मी प्रथम धिक्कारली आणि मागाहून स्वीकारली. इंग्लंडातील कृष्णवर्णीय तरुणांचे रॅप, म्हणजेच हिप हॉप, हीच ती गोष्ट होय.

माझे वडील आंबेगाव तालुक्यातील एका गावी जत्रेत हलगी वाजवीत. पालखीपुढे हलगी त्यांची. देवळाची पायरी मात्र त्यांना बंद. १९५६ साली नागपूरची दीक्षा झाली आणि आमच्या वस्तीने येसकरकीबरोबर हलगीही खाली ठेविली. ते योग्यच झाले. परंतु दोष वाद्याचा नव्हता; ते हुकमाने वाजवावे लागे, हा दोष होता. हा भेद मला पुष्कळ वर्षे उमगला नाही. ठेका कानी पडला की गुलामी आठवे. नारायणगावी पाडव्याच्या सुमारास तमाशांच्या राहुट्या लागत, तिकडेही मी कधी फिरकलो नाही.

पुढे नातवाने घरात ही इंग्रजी गाणी लावली. नुसता ठेका आणि त्यावर भरभर बोलणे! “आम्ही टाकले तेच तू घरात आणलेस,” असे म्हणून मी ती बंद करविली. त्याने वाद घातला नाही; तो माझ्याबरोबर विहारात येईनासा झाला. काही महिने आम्ही एका घरात अबोल राहिलो. अखेर मीच म्हणालो, “बाबा, मला याचा अर्थ तरी सांग.”

त्याने सांगितले ते असे. हे संगीत १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जन्मले. १९८० नंतर ते इंग्लंडात रुजले. तेथे ते उचलून धरणाऱ्यांत कॅरिबियन बेटांतून कामासाठी आलेल्या लोकांची मुले पुष्कळ होती. आरंभी ही मुले अमेरिकेचे उच्चार उसने घेत. पुढे लंडन पॉसीसारख्या मंडळींनी आपल्याच गल्लीची बोली गाण्यात आणली. २०१८ साली स्टॉर्मझी या गायकाने केंब्रिज विद्यापीठात शिकणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. गाणारा विद्येसाठी पैसा देतो, हे ऐकून मी नरमलो. आपले बाबासाहेबही लंडनास शिकले, ते शिष्यवृत्ती व कर्ज यांची जुळवाजुळव करूनच.

मग मला आपलाच इतिहास आठवला. १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डकांच्या जलशाने साचा घेतला तो तमाशाचाच. देवस्तुतीचा गण व कृष्णाची गौळण बाजूस सारून त्या जागी शिक्षण, स्वाभिमान व हक्क यांची शिकवण आणिली. ढोलकी तीच राहिली. तिच्यावर बोलणारा माणूस बदलला. मी इतकी वर्षे ढोलकीवर रागावलो होतो, माणसाकडे पाहिलेच नव्हते.

परदेशी म्हणूनही नाक मुरडण्याचे कारण नाही. येथल्या शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने संघास भोजनमंडप दान दिल्याचा लेख आहे. संघाने दात्याचा देश पाहिला नाही.

याचा अर्थ सारेच ग्राह्य, असा नव्हे. त्या गाण्यांत स्त्रियांची विटंबना करणारी आहेत, सुऱ्याची व नशेची बढाई मारणारीही आहेत. ती आमच्या घरात आजही लागत नाहीत. परंतु आता मी त्यांचे कारण सांगतो. केवळ परंपरा म्हणून स्वीकारू नका. अहितकर आहे असे स्वतः जाणाल तेव्हा टाका, हितकर आहे असे जाणाल तेव्हा धरा, हा तथागतांचा कालामांना उपदेश. तो गाण्यालाही लागू आहे. सम्यक् वाचा तालावर बोलली म्हणून ती असम्यक् होत नाही.

म्हणून आईबापांस माझी विनंती आहे. मुलाचे गाणे बंद करण्यापूर्वी त्याचा अर्थ विचारा. अर्थ सांगताना तोही विचार करू लागेल.

नातू आता विहारात येतो; स्वतः गाणीही रचतो, पण लंडनच्या उच्चारात. मी त्याला म्हणालो, “त्या मुलांनी अमेरिकेचा उच्चार सोडला तेव्हा त्यांचे गाणे त्यांचे झाले. तू लंडनचा सोड. घोडनदीच्या काठी तुझी आजी जशी बोलते, तसा बोल.”

जय भीम!