आपण हसलो कोणाला?

(विहाराच्या वर्धापनदिनी सायंकाळच्या सभेत झालेल्या भाषणाचा हा मजकूर. वेळेअभावी बोलायचे राहून गेलेले थोडे छापताना घातले आहे.)



 वर्धापनदिनाला धम्मावर बोलायचे हा आपला शिरस्ता. आजचा विषय मात्र तमाशाचा आहे. बैठकीत हा विषय सांगितला तेव्हा दोघांनी कपाळाला हात लावला. विहारात तमाशा? म्हटले, करायचा नाही, त्याबद्दल बोलायचे आहे. आणि बोलायचे कारण मागच्या जयंतीला आपल्याच मंडपात घडले.

आपल्या पोरांनी त्या रात्री जुन्या पद्धतीची गवळण बसवली होती. एकाने नऊवारी नेसून मावशी केली. मिशा तशाच ठेवल्या होत्या. दुसरा पेंद्या झाला, लंगडत आणि तोतरे बोलत. खाडीवरून वारा सुटलेला, शेजारची कोळी मंडळीसुद्धा मंडपात येऊन बसली होती. लोक पोट धरून हसले. खोटे कशाला सांगू, आम्हीही हसलो. मावशी कंबर हलवीत टाळ्या वाजवू लागली तेव्हा तर शिट्ट्या पडल्या. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक व्यक्ती उठली आणि पदर सावरून निघून गेली. नाव घेत नाही, तुम्ही ओळखता. आपल्यातच मुलगा म्हणून जन्माला आली, आज बाई म्हणून राहते, आणि दर पौर्णिमेला वंदनेच्या आधी हे सभागृह झाडून काढते. ती गेली हे आमच्या ध्यानात आले. तरी आम्ही पुढच्या विनोदाला हसलो. हे सांगताना आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आत्याबाईंनी हाक मारली. वय ऐंशीच्या पुढे. विचारले, "बाळा, काल त्यात नाचणारी पोरगी कोणाची होती रं?" आम्ही म्हटले, "आत्या, पोरगी नव्हती, आपला पोरगाच होता." म्हातारी म्हणाली, "मग बरं." आणि गप्प झाली. त्या "मग बरं"चा अर्थ आम्हांला चार दिवसांनी कळला. आत्याबाईंची आई तारुण्यात एका फडात नाचत होती. ही गोष्ट घरातल्या सुनांना माहीत नव्हती, नातवंडांना तर नाहीच.

आता नव्या पिढीसाठी थोडे सांगतो. जुन्या तमाशाची रीत ठरलेली असे. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण : कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी आणि त्यांची मावशी. मावशी नेहमी पुरुषच. नंतर बतावणी, रंगबाजी, आणि शेवटी वग, म्हणजे कथा. ढोलकी, तुणतुणे, झांज, मागे सुरत्ये. कोकणातून आलेल्यांना नमन-खेळे आठवत असतील, तिथेही मावशी असतेच. दारिद्र्याने पिचलेल्या माणसाला ह्या रात्रींनी काय दिले हे आम्ही नाकारत नाही. एका ढोलकीवाल्याच्या बोटांत केवढी विद्या असते! कवलापूरचे काळू-बाळू, दोघे जुळे भाऊ, 'जहरी प्याला' ह्या वगात हवालदार होऊन उभे राहिले की माणसे हसून हसून रडत. ते हसू हवालदाराला होते, म्हणजे ज्याच्या हातात दंडुका त्याला. वगातला सोंगाड्या राजाला आणि पाटलालाही सोडत नसे. दिवसा ज्याच्यासमोर मान वर करायची चोरी, त्याची रात्री फटफजिती. ते हसू आम्हांला आजही प्यारे आहे.

पण त्याच रात्री दुसरेही हसू होते. तोतऱ्याला, लंगड्याला, काळ्या बाईला, बायकी चालीच्या माणसाला हसणे. जातीचे नाव शिवीसारखे वापरून टाळी घेणे. आज १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली जे बोलल्याने गुन्हा दाखल होईल, ते तेव्हा विनोद म्हणून खपत होते, आणि पुष्कळदा बोलणारा आपल्यातलाच असे. कारण तमाशाच्या फडांत नाचणाऱ्या, गाणाऱ्या, वाजवणाऱ्यांत महार, मांग, कोल्हाटी ह्यांचाच भरणा. पैसा फेकणारे मात्र बहुतेक वरचे.

पैसा फेकायची तऱ्हा बघा. तिला दौलतजादा म्हणत. बघ्याने नोट धरून हात वर करायचा, नाचणारीने लाजत-मुरडत त्याच्यापाशी जायचे, त्याने हात मागे घ्यायचा, तिने पुन्हा पुढे व्हायचे. तिची विटंबना हाच खेळ. दिवसा जिच्या सावलीचा विटाळ, रात्री तिचाच हात धरायला धडपड. अस्पृश्यता सूर्य मावळला की मावळत होती की काय, कोण जाणे!

पठ्ठे बापूरावांचे नाव मोठे. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६ साली रेठरे हरणाक्षला जन्मलेले ब्राह्मण. लावणीच्या नादाने घर सोडले, जात सोडली. त्यांच्या फडाचा प्राण होती पवळा, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची महार मुलगी. बापूरावांची कवने आजही गातात, त्यांच्या नावाने उत्सव होतात. पवळेच्या नावाने किती होतात ते तुम्हीच मोजा. बापूरावांनी जात सोडली हे धाडस खरेच, त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. पण ब्राह्मणाने तमाशात येणे हा त्याग ठरला आणि महाराच्या पोरीने येणे हा तिचा जन्मजात धंदा ठरला. हा फरक कोणी केला?

चळवळीतले जुने लोक एक हकीकत सांगत आले आहेत. बापूराव बाबासाहेबांकडे गेले आणि तमाशाच्या उत्पन्नातले पैसे सत्याग्रहासाठी देऊ केले. बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत. आपल्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा आपल्या मुक्तीच्या कामाला नको, ही त्यांची भूमिका. चळवळीला तेव्हा पैशाची किती चणचण होती हे ध्यानात घ्या, म्हणजे नाही म्हणण्याची किंमत कळेल. पुढे जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, वाघ्या-मुरळी अशा मंडळींच्या सभेतही त्यांनी हेच बजावले, की हे जिणे सोडा, पोटासाठी दुसरा मार्ग धरा, कष्ट पडले तरी चालतील.

हे ऐकून एखादा म्हणेल, मग झाले, तमाशा वाईट, विषय संपला. तसे नाही. बाबासाहेबांनी पैसा नाकारला, कला नाकारली नाही. ह्याचा पुरावा म्हणजे आंबेडकरी जलसे. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार १९३० नंतरच्या वर्षांत गावोगाव जलसे घेऊन हिंडले. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, बाज तमाशाचा. पण गणपतीचा गण गेला, नाचणारी बाई गेली. विषय आले महाडच्या चवदार तळ्याचे, काळाराम मंदिराचे, मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे, पोरांना शाळेत घालण्याचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर गण आणि कृष्णाची गवळण आपल्या मंचावर येण्याचे कारणच उरले नाही. मागच्या जयंतीच्या गवळणीला हाही एक आक्षेप आहे, तो दोघा उपासकांनी लेखी दिला आहे. तो रास्तच आहे. पण खरे सांगायचे तर त्या रात्री जे खुपले ते कृष्णामुळे खुपले नाही.

जलशांचेही सगळेच आज पटेल असे नाही. बाईचे काम पुरुषच करीत. नाचणारीची विटंबना टळली, पण बाई मंचावरूनच गेली. शिकलेल्या बाईची, भांडकुदळ बायकोची टिंगल आपल्याही फार्सात सर्रास चाले, आणि बायका पुढे बसून हसत. का हसत? दुसरे काय करणार होत्या?

सिनेमाचे थोडक्यात सांगतो. 'अछूत कन्या' १९३६ चा, 'सुजाता' १९५९ चा. दोन्ही आपल्या बाजूने काढलेले, त्या काळी ते बनवायला हिंमत लागली असणार. आमच्या वडिलांच्या पिढीने डोळे पुसत पाहिले. आज मुलींना दाखवले तर विचारतात, की पहिल्यात ती शेवटी मेलीच का पाहिजे? आणि दुसरीचे रक्त तिला वाढवणाऱ्या आईच्या कामी आल्यावरच ती माणूस का ठरते? आमच्यापाशी उत्तर नव्हते. मराठी पडद्यावर गणपत पाटलांनी नाच्या उभा केला, तो इतका हुबेहूब की लोक त्यांनाच तसे समजू लागले. त्या हसण्याची झळ त्यांना स्वतःला सोसावी लागली.

मग बंदी घालावी का? तेही झाले आहे. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी आली. पुढे अटी घालून, संहिता तपासून परवानगी मिळाली. मधल्या काळात उपाशी कोण राहिले? नोट वर धरणारा नव्हे. २००५ साली डान्सबारवर बंदी आली तेव्हा आपल्या ह्या पनवेल-बेलापूरच्या पट्ट्यात तेच पाहिले. मुली रस्त्यावर आल्या, मालकांनी दुसरे धंदे काढले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी टिकू दिली नाही, तोवर आठ वर्षे गेली होती.

विठाबाई नारायणगावकर आठवा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, हे पूर्ण नाव त्यांनी ताठ मानेने लावले. फडावर असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, ही गोष्ट महाराष्ट्रभर ठाऊक आहे. राष्ट्रपतींकडून गौरव झाला. शेवटचे दिवस हलाखीत गेले, २००२ साली गेल्या. आता त्यांच्या नावाने सरकार पुरस्कार देते. आम्ही त्या गोष्टीला टाळ्या वाजवतो, पण ओल्या बाळंतिणीला मंचावर यावे लागले ह्याला टाळी वाजवायची की मान खाली घालायची, हे आम्हांला आजवर ठरवता आलेले नाही.

धम्माच्या बाजूने एक सांगतो. अष्टशील घेणाऱ्या उपासकाने नाच-गाणे आणि अशोभनीय खेळ पाहण्यापासून दूर राहावे हे सातवे शील आहे. पंचशील पाळणाऱ्या गृहस्थाला ते बंधन नाही. पण संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटांच्या नायकाची कथा आहे. त्याने भगवंतांना विचारले, लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांत जन्मतो असे आमचे पूर्वाचार्य सांगतात, आपण काय म्हणता? भगवंत म्हणाले, हे विचारू नकोस. त्याने तीनदा विचारले. तेव्हा भगवंतांनी सांगितले की लोक आधीच लोभ, द्वेष, मोहाने बांधलेले असतात आणि नट त्यांना तेच आणखी पाजतो, त्याची गती चांगली नाही. तालपुट रडू लागला. भगवंतांच्या बोलण्याने नव्हे. इतकी वर्षे आपल्याच गुरूंनी आपल्याला फसवले म्हणून. पुढे तो भिक्खू झाला, अर्हत झाला, आणि थेरगाथेत त्याच्या गाथा आहेत. म्हणजे गाणे त्याचे सुटले नाही, बघा. गाण्यातला मजकूर बदलला.

आम्ही आत्याबाईंना ही कथा सांगितली. म्हातारीने सगळी ऐकून घेतली आणि म्हणाली, "त्यो नट पुरुष व्हता ना? त्याला इचारायला जाता आलं. माझ्या आयेला कुनाला इचारायचं व्हतं?" मग उठून ट्रंक उघडली. तळाशी फडक्यात बांधलेले चाळ होते, आईचे. पंचवीस-तीस घुंगरे गळालेली. म्हणाली, विकू नका, आणि पोरींच्या पायातही बांधू नका. मग काय करू, विचारले, तर म्हणाली, तुमी शिकलेले, तुमी बघा.

ते चाळ आज विहारातल्या कपाटात आहेत, पुस्तकांच्या खालच्या कप्प्यात. कोणाला पाहायचे असल्यास चिटणिसांकडून किल्ली घ्यावी.

जी व्यक्ती उठून गेली तिच्या घरी आम्ही आणि मावशी झालेला तो मुलगा, दोघे गेलो. मुलाने पाया पडायला वाकायचे केले, तिने धरले. चहा केला. आम्ही माफी मागितली त्यावर हो की नाही काहीच बोलली नाही. तृतीयपंथी म्हणून माणसाला स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला, वगैरे आम्ही काहीबाही बोलत बसलो. ती म्हणाली, "दादा, कोर्टाचं मला माहीत आहे. तुम्ही त्या रात्री हसत होता ते मला दिसलं." पुढच्या पौर्णिमेला ती आली, सभागृह झाडले, वंदनेला मागे बसली. आमच्याशी अजून फार बोलत नाही.

यंदाच्या जयंतीला जलसा करायचे ठरले आहे. पवळेवर. बाईचे काम बाईच करणार, सहा मुलींनी नावे दिली आहेत. गण नाही, पेंद्या नाही. मावशी ठेवायची की नाही ह्यावर दोन बैठका झाल्या, भांडणही झाले. पोरांचे म्हणणे, मावशीशिवाय लोक हसणार नाहीत. मुली म्हणतात, नोट वर धरणाऱ्याला मंचावर आणा आणि त्याला हसवून दाखवा. तसा प्रवेश त्यांनी लिहायला घेतला आहे, अर्धा झाला आहे, बरा झाला आहे. तालीम दर शनिवारी वंदनेनंतर आठ वाजता. ढोलकीची शाई उडाली आहे, ती भरून आणायची आहे, बेलापुरात किंवा पनवेलला कोणी चांगला कारागीर माहीत असल्यास सभेनंतर आम्हांला भेटावे.

नमो बुद्धाय! जय भीम!