मंदावलेला शॅमेलिऑन

शॅमेलिऑन सरडा मुळातच संथ आहे. फांदीवर तासन्‌तास एका जागी बसणे हे त्याच्या आजाराचे लक्षण नव्हे. शरीराची ऊब उन्हावर अवलंबून असल्याने थंडीच्या सकाळी तो आणखी मंदावतो. दिवसा मिटलेले किंवा खोल गेलेले डोळे आणि फांदीवरची सैल पकड ही मात्र धोक्याची खूण. हा प्राणी साचलेले पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब टिपतो. म्हणून पिंजऱ्यात वाटीभर पाणी समोर असूनही तो तहानेने सुकत जातो. माती उकरणारी मादी आजारी असतेच असे नाही. ती बहुधा अंडी घालण्याच्या तयारीत असते.

भारतीय शॅमेलिऑनला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे. त्याला पकडणे वा पाळणे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. कपाशी-तुरीच्या धुऱ्यावर तो जखमी किंवा मरगळलेला दिसल्यास तोंडात पाणी ओतू नये, बळेच किडे भरवू नयेत. भोके पाडलेल्या खोक्यात एक फांदी ठेवून त्याला सावलीत ठेवावे आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवावे.