शाळेतील समान संधी

१८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींसाठी शाळा उघडली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली. तथापि, तेथे पाणी नसेल, तर वयात येणारी मुलगी शाळा बुडविते आणि अभ्यासात मागे पडते. वर्ग झाडावयास मुली व प्रयोगाचे साहित्य हाताळावयास मुले, अशी वाटणी असेल, तर तिची उमेद खचते. मुलगाही त्यातून चुकीचाच धडा घेतो. शिक्षकांनी कामाची पाळी व प्रश्न विचारण्याची संधी दोघांना समान द्यावी. अधिकारी व पंचायत सदस्यांनी पटावरील संख्येबरोबरच नळाचे पाणी आणि मुलींची रोजची उपस्थितीही पाहावी. फुले दांपत्याचे कार्य त्यानेच पुढे जाईल.